काड्यांना पाजलेलं तेल

कंपनीत सुतार असलेल्या हारूनच्या खिशात त्याच्या साहेबाच्या सहीचा कागद होता. तीन वर्षं अर्ज करून करून आज दुपारी कुठे कंपनीचं पत्र हाती आलं होतं. ते दाखवलं की बायकोला, कुबराला, कुवेतला आणायची परवानगी मिळणार होती. पत्र मिळालं ते मॅडमचं, म्हणजे साहेबाच्या बायकोचं, हार्पसिकॉर्ड दुरुस्त केल्याच्या खुशीत. आणि ती दुरुस्ती पार फसली होती.

हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या लांबच्या नात्यातली पेटी. पट्टी दाबली की आत एक लाकडी काडी वर उठते, तिच्यातलं पिसाचं टोक तार छेडतं आणि काडी परत खाली पडते. इथल्या कोरड्या हवेने बारा काड्या तडकल्या होत्या. हारूनने नव्या घडवल्या, एक जादा धरून तेरा, त्या अगदी मापात. पण गडी जयगडचा, गलबतं बांधणाऱ्या घरातला. नव्या लाकडाला तेल पाजल्याशिवाय त्याला चैन कसं पडणार? तेराही काड्या त्याने मुशी माशाच्या तेलात बुडवून काढल्या. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

दोन दिवस काड्या छान नाचल्या. आज पत्र मिळाल्यावर सुतारखान्यात उरलेली तेरावी काडी त्याने सहज मापाच्या खाचेत घालून पाहिली. वर गेली ती खाली येईना. तेल आटून गोंदासारखं चिकट झालं होतं.

"तोंड शिवून ऱ्हव," शेजारच्या बाकावरचा मजीद म्हणाला. "कागद गावलाय ना? मग झालं."

चार वाजता कंपनीच्या क्लबात मॅडमचं वादन ऐकायला साठेक माणसं जमली. पहिल्या रांगेत साहेबाच्याही वरचा, कंपनीचा मोठा मॅनेजर. हारून दाराशी उभा राहिला. मॅडमचं मनगट गेल्या वर्षी मोडलं होतं, त्यानंतर त्या प्रथमच लोकांपुढे बसत होत्या. वाजवणार होत्या टोकाटा, अडीचशे वर्षांपूर्वीची एक जलद रचना. बोटांची सारी परीक्षाच त्यात.

सुरुवात संथ होती. काड्या उठत होत्या, पडत होत्या. हारून मनात दुआ मागत होता. आता जाऊन सांगावं, असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा पाय उचलला नाही. मग बोटं धावायला लागली. एक सूर गेला. मॅडमनी मान झटकली. दुसरा गेला. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, तिथेच पुन्हा भोक पडलं. कोणीतरी खोकलं. त्यांनी आणखी जोर लावला, तसे चार सूर एकदम मुके झाले. मॅडमनी हात मांडीवर घेतले आणि माफी मागून त्या उठल्या.

आतल्या खोलीत त्या मनगट चोळत बसल्या होत्या. हारून दारात गेला तेव्हा साहेबाला सांगत होत्या, "विकून टाक ती पेटी. माझा हात गेला."

गप्प राहायचं तर याहून सोपी वेळ नव्हती. दोष त्यांनी आपणहून अंगावर घेतला होता. हारूनला स्वतःची किळस आली.

"मॅडम, युवर हँड गुड," तो म्हणाला. "माय मिस्टेक. आय गिव्ह ऑईल." पेटीतून उपसून आणलेली काडी त्याने पुढे धरली.

मॅडमनी काडी चिमटीत फिरवली. बोटं चिकटली. त्यांनी ती खाली टाकली आणि समोरच्या टेबलावर तीच अवघड ओळ बोटांनी वाजवली, एकदा, मग दुप्पट वेगाने. एकही बोट चुकलं नाही. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या.

साहेब मात्र हसला नाही. बाहेर मोठा मॅनेजर टोपी घालून निघाला होता. पत्र परत घ्यायला साहेबाने हारूनपुढे हात केला. मॅडम आपल्याच बोटांकडे बघत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं.

हारूनने कागद काढला, घडी उलगडून इंग्रजीत टाइप केलेलं कुबराचं नाव एकदा पाहून घेतलं आणि तो साहेबाच्या हातात दिला.