बिनकाठीचा लिंबाजी

सगळ्यांत पुढचं डुक्कर गल्लीच्या टोकाशी येऊन थांबलं आणि मागे वळून लिंबाजीकडे असं पाहू लागलं, की जणू आता पुढे जायची पाळी लिंबाजीचीच आहे.

"चल माय, चल," लिंबाजी हळूच म्हणाला. "लोकं बघायलेत."

लोक खरोखरच बघत होते. परभणीबाहेरच्या त्या कत्तलखान्याला एवढी प्रतिष्ठित गर्दी कधी लाभली नव्हती. संभाजीनगरहून तपासणीला राजेश्री मॅडम आल्या होत्या, स्वतः जनावरांच्या डॉक्टर. जनावरांना काठीने मारतात का, सुरीआधी विजेच्या चिमट्याने त्यांची शुद्ध नीट हरपते का, हे त्या पाहणार आणि मग परवान्याचं ठरणार. त्यामुळे मालक शिवशंकरशेठ नव्या राखाडी सफारीत होते. गल्लीपलीकडच्या दारावर सुस्वागतमचा कापडी फलक होता. मॅडम गल्लीच पाहणार म्हणून शेठच्या मुलीने, अर्पिताने, गल्लीच्या टोकाशीच मोराची रांगोळी घातली होती. एवढा मान त्या इमारतीत आजवर कुठल्याच चालत्या जिवाला मिळाला नव्हता.

कोंडवाड्यापासून चिमट्यापर्यंतच्या या अरुंद गल्लीतून डुकरं नेणं, एवढंच लिंबाजीचं काम. मूळचा राणीसावरगावचा. मेंढरं वळण्यात निम्मं आयुष्य गेलं. मेंढरं संपली, डुकरं आली. इथे पहिल्याच दिवशी हातात काठी दिली, तेव्हा त्याने ती भिंतीला टेकवून ठेवली होती. "मरण द्यायचंच हाय, शेठ. वरून मार कशाला?" शेठना यात काठी झिजायची वाचते हे पटलं. तेव्हापासून लिंबाजी हात मोकळे ठेवून, एसटीत बसवून द्यायला नेत असलेल्या पाहुण्यांशी बोलावं तसा, डुकरांशी बोलत मागून चालायचा. आणि डुकरं जायची. त्यांनी त्याला कधी खाली पाहायला लावलं नव्हतं.

आज लावलं. पुढचं थांबलं तसं मागचं त्याच्यावर चढलं, तिसरं किंचाळलं. त्या किंचाळीने शेठचा चेहरा सफारीच्याच रंगाचा झाला. त्यांचा मेव्हणा भागवत काठी घेऊन आला.

"सरका मामा. दोन ठेवून देतो. मॅडम फोनवर हायत तवर."

"काठी खाली ठेव, भागवत."

"अन् ते जायलं न्हाई, त्याचं काय? बेइज्जती व्हायलीय शेठची!"

"मग पहिली मला हान. मी बी गल्लीतच हाय."

शेठ दात न उघडता बोलले, "लिंबाजी, आज हे पुढं गेलं न्हाई, तर उद्यापासून गल्ली भागवतकडं. तुमी घरी बसा."

 घरी बसायचं लिंबाजीला एवढं वाटलं नाही. उद्यापासून या गल्लीत काठीचा आवाज येणार, याचं मात्र वाटलं.

"ती काठी इकडे द्या," मागून आवाज आला. मॅडमचा फोन संपला होता. "डुकरं मागे घ्या, पाणी दाखवा. मला या गल्लीतून जायचंय."

"या ना मॅडम! बाजूनं गालिचा टाकलाय खास."

"बाजूने नाही. मधून."

असं म्हणून मॅडमनी ओढणी कमरेला खोचली, हातपाय टेकले आणि त्या चक्क रांगू लागल्या. रांगत्या अधिकाऱ्यासमोर उभं राहावं की बसावं, याबद्दल शासनाचा कुठलाच आदेश नव्हता. शेठ खबरदारी म्हणून सफारीसकट खाली बसले.

"घाण हाय वो मॅडम तिथं," लिंबाजी कळवळून म्हणाला.

"तुम्हीही या, मामा. त्यांच्या डोळ्यांनी बघू."

लिंबाजी गुडघ्यांवर आला. इतकी वर्षं तो या गल्लीतून दोन पायांवर चालला होता. चार पायांवरून गल्ली वेगळीच दिसत होती. टोकाशी पोचल्यावर मॅडमचा हात आपोआप थांबला. समोर जमीनच नव्हती. होता तो गुलाबी, पिवळा, पांढरा, भगभगीत पट्टा. खड्डा की जमीन, काही उमगेना. उभ्या माणसाला मोर दिसत होता, ओणव्याला नुसतं संकट. त्यापलीकडे सुस्वागतमचं टोक फडफडत होतं.

"तुम्ही गेला असता, मामा?"

"न्हाई बा. म्या बी थांबलो असतो."

रांगोळी कुणी तुडवू नये म्हणून भागवत सकाळपासून पहारा देत होता. डुकरांनी ती न तुडवण्याची सभ्यता दाखवली, तीच त्यांना नडली होती.

"रांगोळी कुणी काढली?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या अर्पितानं," शेठ बसल्या बसल्या म्हणाले. "तुमच्यासाठीच, मॅडम."

"फार सुंदर आहे. धुऊन टाका."

मोर नळीच्या पाण्याने गटारात गेला. फलक उतरला. लिंबाजी पुन्हा मागे उभा राहिला, हात मोकळे. पुढच्या डुकराने ओली फरशी हुंगली, क्षणभर विचार केला आणि ते निघालं. त्यामागे बाकीची. कुणी किंचाळलं नाही. चिमट्यापाशी एकेक निमूट आडवं होत गेलं. मॅडम शेवटपर्यंत उभं राहून पाहत होत्या. मग शेठना म्हणाल्या, "परवाना राहील. गल्लीत हे मामाच राहिले तर."

मॅडम नळावर हात धूत होत्या, तेव्हा लिंबाजी त्यांच्याजवळ गेला. "लय उपकार झाले, मॅडम."

"नोकरी तुमची तुम्हीच राखलीत, मामा."

"नोकरीचं न्हाई वो. मला वाटलं, जनावरायला माझा भरोसा राह्यला न्हाई."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मग नळ बंद केला.

तेवढ्यात फाटकाशी चुडावा गावाकडून नव्या डुकरांचा टेम्पो येऊन उभा राहिला. लिंबाजी पाण्याची बादली घेऊन गेला.

"आलो, आलो. दमा जरा, लेकराहो. आधी पाणी प्या."

फळ्यांच्या फटीतून एक ओलं नाक बाहेर आलं आणि त्याचा तळहात हुंगू लागलं. लिंबाजीने हात मागे घेतला नाही.