छावणी बघून आलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी. जतच्या हरणाबाईनं माझी लोकर कातली. नाथाजीच्या आईनं मला बाजारातून आणून फौजेत निघालेल्या लेकाच्या खांद्यावर टाकलं.

एकाहत्तर साली सरहद्दीवरच्या निर्वासितांच्या छावणीवर नाथाजीचा पहारा होता. तिथं एक पोर अंगभर फोड येऊन कुडकुडत होतं. "कांजिण्या आहेत," साहेब म्हणाले. नाथाजीनं मला त्याच्यावर पांघरलं.

आता ऐका. सरहद्दीपलीकडच्या त्या पोराच्या मुलखातून देवीचा रोग आदल्याच साली गेला होता. ज्या सरकारनं पुढे आपल्याच माणसांवर बंदुका चालवल्या, त्यानंच लस टोचून टोचून तो हाकलला होता. आपल्या सरकारनं लाखोंना आसरा दिला, पोटाला घातलं. पण त्या छावणीत देवीला देवी म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. लढाई संपली, माणसं घरी परतली, रोगही त्यांच्याबरोबर परतला. यातलं भलं सरकार कोणतं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहारा उठताना नाथाजीनं मला परत घेतलं आणि मी त्याच्याबरोबर सुटीवर गावी आले. त्याची लेक विजयमाला मला पांघरून झोपू लागली. टोचणारे आले तेव्हा ती आजोळी होती. तिला ताप भरला, फोड उठले.

सरपंच लालासाहेब उंबऱ्याबाहेरूनच नाथाजीला बोलले, "कांजिण्या म्हण गड्या. हळद शिजतीया. नाव फुटलं तर कामाच्या बाया पळतील, सांगलीचा येपारी फिरकायचा न्हाई."

"आवं, छावणीतला सायेब बी आसंच म्हनला हुता."

"मग? सरकारपरास तू शाना व्हय रं?"

आतून नाथाजीची बायको मनुबाई कडाडली, "आत या की, सरपंच! कांजिण्याच हायत न्हवं? मग उंबऱ्याभायेर का हुबं?"

लालासाहेब आल्या वाटेनं परतले. नाथाजीनं सायकल काढली आणि तालुका गाठला. डॉक्टर आले, देवी म्हणाले, सगळं गाव टोचलं. हळद पडून राहिली, गावानं नाथाजीला शिव्या घातल्या. पण रोग दुसऱ्या घरात शिरला नाही. विजयमाला वाचली, तोंडभर वण घेऊन.

"ही घोंगडी कुठली?" डॉक्टरांनी विचारलं. नाथाजीनं छावणीतल्या पोराचं सांगितलं, तसं त्यांनी मला काठीनं उचलून बांधावर टाकायला आणि जाळायला सांगितलं.

आता नाथाजी काडीपेटी घेऊन समोर उभा आहे. आईची शेवटची वस्तू. हात पुढं होत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा. मी नाही सांगत. लोकर लवकर पेटत नाही, नुसती धुमसते. रॉकेल जास्त ओत, नाथाजी. आणि पोरांनो, उद्या कुणी मोठ्या खुर्चीतला माणूस रोगाचं नाव बदलून सांगू लागला, तर त्याला एवढंच म्हणा: आत या.