मास्किंग राहिलेला लाल गळ

मी गळ बोलतोय. मासे पकडायचा गळ, आणि तोही लालभडक. हसू नका. माझे सगळे भाऊ काळे, मी एकटाच असा नटलेला.

चाकणच्या बाजारातून रंगरावांनी दहा गळांची पुडी घेतली, त्यात मी होतो. तेव्हा मीही काळाच. रंगराव परभणीकडचे, पोटासाठी इकडे आलेले. तीस वर्षं त्यांनी कंपनीत ग्राइंडिंग, म्हणजे लोखंड घासायचं काम केलं. गुरुवारच्या सुट्टीला भामा नदीवर जायचं, हा त्यांचा नेम. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, वापराल तरच सुधारेल. रंगरावांनी मात्र हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. चार महिने आम्ही पुडीत आणि ते खाटेवर. घरात कुणाला घास गोड लागत नव्हता.

त्यांची मुलगी मैत्री पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये कामाला. लोखंडी पार्टवर रंगाची भुकटी मारायची आणि भट्टीत भाजायची, हे तिचं काम. एका सकाळी ती म्हणाली, "पप्पा, लाल गळाला मासे जास्त लागतात म्हणे."

"माशाला काय करायचाय रंग? आमिष दिसलं म्हंजे झालं."

"लावा पैज. गुरुवारी नदीवर चला, मग बघू."

पैजेचं नाव निघताच रंगराव सरसावून बसले. मैत्रीने सुपरवायझरला विचारून मला इतर पार्टांशेजारी तारेला टांगलं. भट्टीत जीव नकोसा झाला, पण बाहेर आलो तो लाल होऊन.

गुरुवारी नदीवर दोन काठ्या लागल्या. काळ्या भावाने दोन चिलाप्या काढल्या. माझ्याकडे मासे येत, कणीक ओढत आणि निसटून जात. पाच वेळा असं झालं. मैत्री रडकुंडीला आली.

रंगरावांनी मला निरखलं आणि ते खो खो हसले. "अगं, मास्किंग कोन करनार? टोकालाबी रंग फासलाय तू!"

जिथे रंग नको तिथे कंपनीत रबरी टोपी घालतात, तेच मास्किंग. रोज शेकडो पार्टांना टोप्या घालणारी मैत्री माझ्या टोकाला मात्र विसरली होती, आणि रंग बसून ते बोथट झालं होतं!

"पिशवीतली कानस दे इकडं."

मला त्यांनी डाव्या चिमटीत धरलं आणि कानस घेतली उजव्या हातात. सवयीने घेतली. ती पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. मैत्री वाकली, तर म्हणाले, "राहू दे, मी घेतो." तिसऱ्यांदा बोटं मिटली आणि माझ्या टोकावर कानस फिरू लागली. वेडीवाकडी, पण फिरली. मैत्रीने तोंड नदीकडे फिरवलं.

मग मला एक मोठा मासा लागला. पण भट्टीने मला नरम केलं होतं. त्याने हिसडा दिला, मी सरळ झालो आणि तो गेला.

"हरलीस!" रंगराव ओरडले.

"हरले, पप्पा," डोळे पुसत ती म्हणाली.

खरं सांगू? त्या गढूळ पाण्यात माझा रंग मलाच दिसत नव्हता. पण त्याच रंगापायी माणूस खाटेवरून उठला, हे मी जन्मभर विसरणार नाही.

आता मी खिडकीच्या जाळीत अडकवलेला असतो. समोर रोज सकाळी रंगराव माझ्या भावांना धार लावत बसतात. मैत्री, पुन्हा कधी गळ रंगवलास, तर टोपी घालायला अशीच विसर. आणि कानस पप्पांच्याच हातात दे. उजव्या.