‘आधी’चा फोटो

आमच्या क्लबात फोटोशिवाय पान हलत नाही. झाड लावलं की फोटो, रक्त दिलं की फोटो, तोही सुई टोचायच्या आत. आणि शाळेची दुरुस्ती म्हटली की दोन हवेत, एक ‘आधी’चा आणि एक ‘नंतर’चा. ‘आधी’चा नसेल तर वरची समिती अहवाल हातातही धरत नाही. हे फोटो मी काढतो. माझा स्टुडिओ आहे, म्हणून सगळे मला ‘फोटोवाले’ म्हणतात, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

तर आम्ही अकरा जण समुद्रापलीकडच्या एका खेड्यातली शाळा दुरुस्त करायला गेलो. दोन विमानं, वर पाच तास जीप. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. आपण बोलायचं आणि समोरच्याने नुसता ‘आ’ करायचा, ही दवाखान्यातली सवय ते घरीदारी सगळीकडे पाळतात. त्यांचा मेहुणा बांधकामाचा ठेकेदार. छपराचे नवे पत्रे त्यानेच जहाजाने पाठवायचे होते, आणि त्याची भलीमोठी पेटी आमच्या आधीच तिथे पोहोचलीही होती.

जीपमधून उतरलो आणि अध्यक्षांचं तोंड उतरलं. शाळा चांगली धडधाकट होती. भिंतींना गिलावा, दारं जागच्या जागी. छपरावर सिमेंटचे जुने पत्रे, कुठला काळा पडलेला तर कुठला पांढरट, पण आत उभं राहून वर पाहिलं तर एक फट दिसेल तर शपथ.

शाळेच्या मुख्य बाई पन्नाशीच्या होत्या. त्या बोलायच्या आणि जीपवाला आम्हाला समजावून सांगायचा.

“बाई म्हणतात, पाहुणे एवढ्या लांबून येणार, त्यांना गळकी शाळा कशी दाखवायची? म्हणून गाव महिनाभर खपलं. कोणी गोठ्यावरचा पत्रा काढून दिला, कोणी स्वयंपाकघरावरचा. शिवाय सोमवारी तपासनीस येतोय. वर्गावर छप्पर नसलं तर तो सरळ कुलूप ठोकतो. दुसरी शाळा डोंगराच्या पलीकडे, तीन तासांची चाल. तुमचे नवे पत्रे मिळाले की ज्याचे त्याला परत करता येतील.”

“ते ठीक आहे हो,” अध्यक्ष माझ्याकडे वळले, “पण फोटोवाले, याला ‘आधी’ कोण म्हणेल?”

मेहुण्याने लगेच तोड काढली. “भावजी, पत्रे उतरवू. फोटो काढू. उद्या नवे चढवू. आहे काय नि नाही काय!”

बाई छपराकडे बघत काहीतरी बोलल्या. मग जीपवाला म्हणाला, “बाई विचारतात, नवे नक्की आलेत ना? आधी पेटी उघडून बघू या का?”

“पेटी उद्या,” अध्यक्ष म्हणाले. “फीत कापून. कार्यक्रमपत्रिका छापून आणलीय.”

मेहुण्याने पेटीवर थाप मारली. आत काहीतरी जड होतं, एवढं मलाही ऐकू आलं. बाईंनी मान हलवली. पाहुण्यांपुढे त्यांना नाही म्हणता आलं नाही.

आमच्यापैकी कोणी आयुष्यात पत्रा उतरवला नव्हता. पहारी घालून उचकटायचा आणि खाली सोडून द्यायचा, एवढंच जमलं. सव्वीसपैकी एकोणीस पत्र्यांचे तुकडे झाले. गावकरी कडेला उभे होते. आपापला पत्रा पडला की ज्याच्या त्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघे. मी मुलांना उघड्या वर्गात बसवलं. ती हसत होती, म्हणून मी त्यांना दटावलं. मग बूट काढायला लावले. फोटो अप्रतिम आला.

दुसऱ्या दिवशी फीत कापली, पेटी उघडली. रंगाचे डबे, ब्रश, आमच्या टोप्या आणि अकरा जणांची नावं कोरलेली ग्रॅनाइटची पाटी. पत्रा एकही नाही.

मेहुण्याने डोकं खाजवलं. “वजन जास्त भरत होतं. गोदामात सांगितलं होतं, पाटी गेलीच पाहिजे, बाकीचं बघा. येतील पुढच्या जहाजाने.”

बाई खाली बसून तुकडा तुकड्याला जुळतो का, हे बघत राहिल्या. मला लाज वाटली. खरंच वाटली. पण मी तिथून हललो आणि पाटीचा फोटो काढला. मग आम्ही भिंतीवर जिराफ रंगवला आणि रविवारी निघालो.

‘नंतर’चा फोटो मी छप्पर वगळून काढला होता. समितीने तो परत पाठवला. छप्पर दिसत नाही म्हणे.

त्याच सुमारास बाईंचं पत्र आलं. जीपवाल्याने आमच्या भाषेत लिहून दिलं होतं. तपासनिसाने कुलूप लावलं. त्रेचाळीस मुलांपैकी सात डोंगर चढून जातात, बाकीची घरी बसली, मुली तर सगळ्याच. दोन महिन्यांनी तो पुन्हा येईल, तोवर छप्पर बसलं तर शाळा उघडेल. पत्रे कधी निघतील? किती लागतील हे तुमच्या ठेकेदाराला मोजता यावं म्हणून जुना फोटो पाठवत आहे.

आम्ही तिथे पोहोचायच्या आदल्या दिवशीचा फोटो होता तो. अख्खं छप्पर, पुढे अख्खं गाव, मधे बाई. हसत होत्या.

अध्यक्षांनी पत्र बाजूला ठेवलं. फोटो मात्र डोळ्यांजवळ नेला.

“फोटोवाले, छप्पर आहे की यात!”

“अहो, हा आपण जायच्या आधीचा आहे.”

“हा ‘नंतर’चा. पाटी तेवढी नाही. ती बसवून टाका.”

मी बसवली. दाराशेजारी, बाईंच्या खांद्याच्या जरा वर, सावलीसकट. माझ्या कामात खोट काढायला जागा नसते. वार्षिक अधिवेशनात आम्हाला पहिलं पारितोषिक मिळालं. मोठ्या पडद्यावर बाई हसत होत्या आणि सभागृह टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या.

प्रकल्प कागदावर पूर्ण झाला, तेव्हा पत्राला उत्तर द्यायचं कारण उरलं नाही. नवे पत्रे मेहुण्याच्या गोदामात अडगळ करत होते. त्याने ते क्लबाच्या पार्किंगवर घातले. माझी स्कूटर तिथेच असते, अगदी कोरडी राहते.