आल्फहिल्डचा डबा

हल्ली दुपारचे तीन वाजले, की उप्साला विद्यापीठातली ती जुनी प्रयोगशाळा आठवते आणि जीव कासावीस होतो. माझा प्रबंध भिंतीवर लागला तो एका डब्यामुळे. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काय!

आमच्याकडे तोंडी परीक्षेच्या तीन आठवडे आधी छापलेला प्रबंध विद्यापीठाच्या भिंतीवर खरोखरच खिळा ठोकून लावतात. माझी तारीख ठरली होती आणि शेवटचं प्रकरण अडलं होतं. कातड्यात मास्ट नावाच्या पेशी असतात, त्यांत एक प्रथिन असतं, त्याला साखरेच्या लांबच लांब साखळ्या चिकटलेल्या असतात. उंदराच्या कातड्यातून ते काढायचं, पपईच्या चिकातल्या विकराने, म्हणजे एन्झाइमने, मधलं प्रथिन तोडायचं आणि सुट्या साखळ्या मोजायच्या. साधं काम. पण तुटेचना! तीनदा केलं, तीनदा अख्खंच्या अख्खं.

माझं डोकं फिरलं. विकर फ्रीजमध्ये ठेवायचं काम आल्फहिल्डचं. ती साठीला आलेली, माझ्या जन्माआधीपासून तिथे मदतनीस. एके दिवशी सकाळी सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले, "एवढंही जमत नाही? विकर मेलंय तुझ्या हलगर्जीपणाने. त्या नळ्या ओत सगळ्या मोरीत!"

"ओतते हं, राणीसरकार," ती म्हणाली. आवाज चढवणं तिला ठाऊकच नव्हतं.

तीनला सगळे कॉफीला जमले. दालचिनीचे पाव आले. आल्फहिल्डने आपला डबा माझ्यापुढे सरकवला. आत वासराच्या मांसाची, त्याच्याच जिलेटिनमध्ये थिजवलेली वडी. अर्धी घट्ट, अर्धी पाणी पाणी.

"हे काय गं?"

"सकाळी या बाजूला तुझं मेलेलं विकर घातलं, त्या बाजूला नुसतं पाणी. मेलेलं एवढं खातं होय?"

मी डबा हलवून बघितला. विकर ठणठणीत होतं. म्हणजे प्रथिनच त्याला दाद देत नव्हतं! साखळ्यांची दाटी इतकी, की विकराला आत शिरायला जागाच नव्हती. जगात कुणाला न दिसलेली गोष्ट माझ्यासमोर होती आणि ती मी मोरीत ओतायला सांगितली होती.

"पण त्या नळ्या..." मी मोरीकडे धावले.

"मागच्या फळीवर आहेत. रागावलेल्या माणसाचं ऐकून मी काही ओतत नाही."

प्रबंध वेळेवर झाला. त्यात मी लिहिलं, 'विकराची ताकद जिलेटिनवर तपासली.' बस्स. डब्याचं लिहिलं असतं तर माझा आरडाओरडाही कबूल करावा लागला असता. खिळा ठोकताना पुस्तक तिनेच धरलं होतं. "माझं बोट सांभाळ गं बाई," म्हणाली. तिला एक प्रत दिली. माफी मात्र उद्या मागू, परवा मागू.

उद्या-परवा करता करता अकरा वर्षं गेली आणि आल्फहिल्डही गेली. तिच्या लेकीने ती प्रत मला आणून दिली. त्या वाक्याशेजारी पेन्सिलीने, तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'जिलेटिन कसलं, माझं जेवण! त्या दिवशी उपाशी राहिले.'

मला हे कधी सुचलंच नव्हतं. त्या दिवशी मी दालचिनीचे दोन पाव खाल्ले होते.