मुखपृष्ठावरचा हात

‘फोर कपल्स’ बंद करायचं ठरलं, तेव्हा त्याचा इतिहास लिहायचं काम आपसूक शशीच्या गळ्यात पडलं. दुसरं होतंच कोण? अठ्ठावन्न वर्षं चाललेलं स्क्वेअर डान्सचं मासिक, वर्गणीदार उरले एक्काहत्तर, त्यांतले निम्मे वृद्धाश्रमात. संपादक डोरीनसुद्धा तिथेच. घर सोडताना तिने जुन्या अंकांचे सहा खोके शशीच्या गॅरेजमध्ये आणून टाकले होते. मार्चचा अंक शेवटचा.

स्क्वेअर डान्स म्हणजे चार जोड्यांनी चौकोन करून उभं राहायचं आणि माइकवरचा माणूस हुकूम सोडेल तसं फिरायचं. आठांतला एक चुकला की चौक मोडला. म्हणून मासिकाचं नाव तसं.

शशी चौऱ्याहत्तर साली साताऱ्याहून इंग्लंडात मिल्टन कीन्सला आली, तेव्हा नव्याने वसणाऱ्या त्या गावात चिखल आणि रस्त्यांवरचे राउंडअबाउटच जास्त होते. नवरा मुरलीधर दिवसरात्र हॉस्पिटलच्या ड्यूटीवर. ती किटलीशी बोलायची. लायब्ररीत डान्स क्लबची चिठ्ठी दिसली, आणि नवऱ्याला जवळजवळ ओढतच तिने नेलं. पोपटी साडी फाडून घेरदार फ्रॉक शिवला. जन्मात पहिल्यांदा गुडघे उघडे पडले म्हणून पहिले दोन आठवडे ती भिंतीला चिकटून उभी होती. डोरीननेच हात धरून तिला चौकात ओढलं.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरच्या मुखपृष्ठावर त्यांच्या चौकाचा फोटो यायचा होता. आला, पण त्यात तीनच जोड्या होत्या. उजव्या कडेला डोरीनचा नवरा लेन, आणि त्याच्या पंजात चार बांगड्या घातलेलं एक मनगट. बाकीची शशी गायब.

“अगं, कागद कमी पडला असेल,” मुरलीधर म्हणाला होता. “छापखान्यात कुठे जीव असतो त्यांचा! हात तर आलाय ना तुझा?”

ती हसली होती. पुढच्याच महिन्यात डोरीन टाइपरायटर घेऊन दारात उभी राहिली. “शॅश, अंकाच्या स्टेन्सिल टाइप करशील?” तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं शशीने तो अंक टाइप केला, जुळवला, टपालात टाकला. या देशात आपलं कोण, असं कोणी विचारलं की ती त्या अंकाकडे बोट दाखवायची. इतिहासाचं पहिलंच वाक्य तिने लिहिलं होतं: या मासिकाने कधी कोणाला चौकाबाहेर ठेवलं नाही.

चौथ्या खोक्यात पाकीट सापडलं. आत तोच फोटो, अख्खा. चार जोड्या. मुरलीधर बावरलेला, शेजारी पोपटी फ्रॉकमधली शशी तोंडभर हसणारी. लेन आणि तिच्यामधून लाल पेन्सिलीची सरळ रेघ. मागे टाचलेली दोन पत्रं, दोन वेगवेगळ्या क्लबांच्या सेक्रेटरींची. मजकूर मात्र एकच: असले चेहरे मुखपृष्ठावर छापणार असाल, तर आमचे अंक परत येतील.

गुरुवारी ती नेहमीसारखी डोरीनला भेटायला गेली. खुर्ची ओढून बसायच्या आधी दोघी हात धरायच्या, चौक जुळवताना धरतात तसा. त्या दिवशी शशीने पाकीट पुढे केलं.

नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी करत डोरीनने फोटो उजेडात धरला. “मला वाटलं, मी हे जाळलं.”

“नाही जाळलंस.”

“अंक बंद पडला असता, शॅश. तेव्हा जेमतेम तगून होतो आम्ही.”

“मला विचारायचंस.”

“मुरलीला विचारलं ना! हॉस्पिटलात फोन केला. तो म्हणाला, कापा. पण शशीला कळू देऊ नका. कळलं तर ती यायची थांबेल, आणि घरात तिला बोलायला भिंती सोडून कोणी नाही.” डोरीन धापा टाकत थांबली. “टाइपरायटरची कल्पनाही त्याचीच.”

ज्याच्याशी भांडायचं तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. सगळ्यांनी मिळून तिची काळजी घेतली होती. तिला विचारलं मात्र कोणीच नव्हतं.

“छापणार आहेस?” डोरीनने विचारलं.

“माहीत नाही.”

“मी गेल्यावर छाप. पन्नास वर्षं घातली मी त्यात. लोकांनी हेच लक्षात ठेवायचं का?”

“डोरीन, यानंतर अंकच नाही.”

डोरीनने तोंड फिरवलं. “मग तुझं तू बघ.”

चार दिवस शशी त्या फोटोला हात लावेना. इथेच वाढलेली मुलगी देविका लंडनच्या एजवेअरहून आली आणि टेबलावरचं पाकीट उघडून ओरडलीच, “आई! हा तू आहेस? किती थिन! आणि फ्रॉक? यू नेव्हर टोल्ड मी!”

“कुणाला सांगणार? दिसतच नव्हते मी.”

पत्रं वाचल्यावर देविकाचा आवाज खाली आला. “आणि बाबाला माहीत होता?” मग जरा वेळाने म्हणाली, “स्कॅन करून देऊ? ही रेड लाइन मी दोन मिनिटात काढते.”

शशीने फोटोतल्या त्या बाईकडे पाहिलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून तर ती एवढी हसत होती.

“रेघ राहू दे,” शशी म्हणाली.

शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर अख्खा फोटो गेला, रेघेसकट. खाली आठ नावं, डावीकडून उजवीकडे. खुलासा एका शब्दाचा नाही. आत इतिहासाचं पहिलं वाक्य तिने खोडलं आणि दुसऱ्यापासून सुरुवात केली. एक्काहत्तर पाकिटं टपालात पडली. पुढच्या आठवड्यात त्यांतली नऊ परत आली. पत्ता होता, माणूस राहिला नव्हता. बाकीच्यांपैकी दोघांनी अंक छान झाल्याचं कळवलं. फोटोबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

गुरुवारी शशी गेली. डोरीन खिडकीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर अंक होता, पालथा.

“डोरीन.”

डोरीनने शाल खांद्यावर ओढली, मान वळवली नाही. नळीतून हवेची बारीक सूं सूं तेवढी येत होती. शशीने नेहमीसारखा हात पुढे केला. तो तसाच राहिला. दंड दुखायला लागला तेव्हा तिने तो मागे घेतला, खुर्ची ओढली आणि बसून राहिली.

चारला चहा आला. दर गुरुवारी दोन कप यायचे. नर्सने ट्रे ठेवला, त्यात एकच होता.

“आज कुणी येणार नाही म्हणाल्या होत्या त्या,” ती ओशाळून म्हणाली.