डाव्या बाहीचे बंद

मी झबलं बोलतंय. वीतभर कापडाची कसली आलीय कहाणी, असं म्हणाल. पण माझ्या बाह्यांकडे बघा. उजवी नीट शिवलेली. डावी खांद्यापर्यंत उघडी, नुसती बंदांनी बांधलेली. त्या बंदांपायी तर बोलतंय.

आजीची सुती साडी धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झाली होती. तिच्या पदरातून आजीने मला शिवलं. लेक बाळंतपणाला आली होती ना! शिवणी मुद्दाम बाहेरून घातल्या, बाळाच्या अंगाला टोचू नयेत म्हणून.

माझ्यात पहिली वाढली थोरली नात. अशी रडायची की शेजारी भिंत ठोकायचे. जन्मल्याबरोबर तिच्या डाव्या दंडावर क्षयाची लस टोचली. पुढे फोड आला, सुकला, वण राहिला. संपलं.

मग नातू झाला. त्यालाही तीच लस. पण त्याचा फोड सुकेना. चिघळला, काखेत गाठ आली, ताप हटेना. माझी बाही जखमेला चिकटायची आणि सोडवताना लेकरू कळवळायचं. तेव्हा आजीने बाही उभी कापली आणि बंद लावले. दात यायच्या आत बाळ गेलं.

घरात एकच बोललं गेलं, नर्सचा हात जड होता. दोष द्यायला कुणी सापडलं की माणसं पुढचं बघत नाहीत. माझी रवानगी पेटीत झाली.

यंदा लेकीला पुन्हा मुलगा झाला आणि आजीने मला उन्हात टाकलं. बाळाच्या आत्याने तोंड वाकडं केलं, म्हणाली गेलेल्या पोराचं कापड कशाला? आजी म्हणाली, "थोरलीही ह्यातच वाढली. तिला काय धाड भरलीय?" 

दवाखान्यातून घरी सोडायच्या सकाळी नर्स ट्रे घेऊन आली. माझे बंद सोडत हसली. "आजी, ही बाही तर टोचायच्या सोयीनेच शिवलेली दिसते."

आजी म्हणाली, "उजव्या दंडाला दे गं बाई. डावा आम्हाला लाभत नाही."

नर्सचा हात थांबला. सुई बाळाच्या कातडीपासून बोटभर लांब होती. "लाभत नाही म्हणजे?"

आजीने सगळं सांगितलं. नर्सने सुई ट्रेमध्ये ठेवली, बंद पुन्हा बांधले आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

डॉक्टरीणबाईंनी आजीलाच विचारलं, तुमच्या माहेरी अशी मुलं गेली होती का? आजी म्हणाली, "माझे दोन भाऊ. रांगायच्या आत. दृष्ट लागली म्हणायचे." मुली? "मुली सगळ्या धडधाकट."

मग बाईंनी समजावलं. ह्या लशीत जंतू असतात, जिवंत पण अशक्त. बाळाच्या रक्तातले शिपाई त्यांच्यावरच लढाई शिकतात. एखाद्या बाळाला शिपाईच नसतात. तिथे अशक्त जंतूही घर बळकावतो. हे वैगुण्य आईकडून येतं आणि बहुधा मुलग्यांत दिसतं. दोष ना सुईचा, ना हाताचा. रक्त तपासू, तोवर ही लस नको.

लेकीने विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?"

आजी फटकन म्हणाली, "तुझ्यामुळे असेल तर आधी माझ्यामुळे. आणि माझ्या आईमुळे. लाव रांग."

तपासणीचा निकाल आला. शिपाई नव्हतेच.

जंतू शिरू नयेत म्हणून बाळ आता काचेच्या खोलीत आहे. तिथे बाहेरचं कापड चालत नाही, म्हणून मी आजीच्या पिशवीत, बाकावर. हे शिपाई हाडातल्या मगजात तयार होतात; थोरलीचा मगज बाळाशी जुळला. तो काढून बाळाला दिला. तिला एकच काळजी, आता हाही माझ्यासारखा चिडका होणार का? आजी म्हणाली, होऊ दे, भिंत ठोकू दे शेजाऱ्यांना.

मगज रुजला की नाही, अजून कळलेलं नाही. डॉक्टरीणबाई दिसल्या की लेक उठून उभी राहते. बाई मान हलवतात, अजून नाही. लेक बसते. आजी पिशवीत हात घालून माझे बंद सोडते, बांधते, पुन्हा सोडते.

बायांनो, लस चुकवू नका. थोरलीला तिनेच जपलं. पण घरात कुणाची तान्ही लेकरं गेली असतील तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा. दृष्ट म्हणून झाकू नका, कुणाचा हात जड म्हणून विसरू नका.

काचेपलीकडे बाळ रडतंय. आवाज येत नाही, नुसता हात हलताना दिसतो. डावा हात. त्याचा दंड कोरा आहे.